विश्लेषण : आग लागण्याआधी जबाबदार कोण? महापालिकेच्या अग्निशमन प्रमुखपदाला कायद्याचा कणा का हवा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास शिलाईच्या दुकानाला आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. धूर मात्र पोहोचला. वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा गुदमरून मृत्यू झाला. त्यात दोन लहान मुले होती.

त्याआधी जेमतेम तीन महिने, ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आग भडकली होती. कारखान्यातच झोपलेले सहा कामगार मरण पावले.

दोन घटना, तेरा मृत्यू. शहरातील कोणालाही विचारले तर दोन्ही ठिकाणे ‘आपल्या शहरातलीच’. कागदावर मात्र पहिली जागा छावणी परिषदेची, दुसरी एमआयडीसीची. दोन्हींपैकी एकही जागा महापालिकेच्या हद्दीत नाही.

आग लागली की बंब कुठून आला, किती वेळाने आला, याची चर्चा लगेच सुरू होते. त्या इमारतीत आग लागू नये, लागली तर माणसे बाहेर पडावीत, हे आधीच पाहण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न विचारला की यंत्रणांची नावे येतात, माणसाचे नाव येत नाही. अग्निशमन दलाच्या नेतृत्वाचा प्रश्न नेमका इथे आहे. राज्यात कायदा आहे, पद आहे, अधिकारही आहेत. पण त्या पदावरील माणसाला विभाग चालवता येईल अशी प्रशासकीय ताकद कायद्याने दिलेली नाही. ती देण्याची वेळ आली आहे.

अग्निशमन ही महापालिकेची जबाबदारी कशी?

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावे परिशिष्ट आले. शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची ती यादी. त्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे.

महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून ही जबाबदारी पालिकांवर आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिका १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार चालतात. छत्रपती संभाजीनगर महापालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी स्थापन झाली, तीही याच कायद्याखाली. या कायद्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामे दिली आहेत. पाणी, मलनिस्सारण, रस्ते यांच्या रांगेत सुसज्ज अग्निशमन दल ठेवणे हेही आहे. म्हणजे ही ऐच्छिक सेवा नाही. उद्यान नसले तरी महापालिका चालते, अग्निशमन दल नसेल तर कायदाच मोडतो.

पण याच कायद्यातील एक बाब सहसा चर्चेत येत नाही. शहर अभियंता, वैद्यकीय आरोग्य अधिकारी, मुख्य लेखापरीक्षक आणि नगरसचिव ही पदे कायद्याने नाव घेऊन सांगितली. अग्निशमन प्रमुख त्या यादीत नव्हता. काम बंधनकारक, पण ते करणाऱ्याचे पद इतरांसारखे ठळक नाही. रस्ता कोणी बांधायचा हे १९४९ मध्येच ठरले होते. आगीचे तसे झाले नाही.

२००६ च्या कायद्याने काय बदलले?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा राज्याचा या विषयावरील मुख्य कायदा. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याने तीन गोष्टी केल्या.

पहिली, इमारतीत आगप्रतिबंधक यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, देणे बंधनकारक केले. हे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडूनच घ्यावे लागते.

दुसरी, राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकाला आणि स्थानिक पातळीवर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला तपासणीचे, नोटीस देण्याचे, धोकादायक इमारत रिकामी करून सील करण्याचे अधिकार दिले.

तिसरी, अग्निसुरक्षेसाठी शुल्क घेण्याची सोय केली.

हा कायदा चांगला आहे. आग विझवण्यापेक्षा ती टाळण्यावर त्याचा भर आहे आणि तो योग्यच आहे. मुख्य अग्निशमन अधिकारी हा केवळ बंबासोबत धावणारा माणूस राहिला नाही. इमारत बंद करू शकणारा अधिकारी झाला.

मग अडते कुठे?

समजा, एखाद्या शहरात मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला दरवर्षी काही हजार इमारतींची तपासणी करायची आहे. त्यासाठी निरीक्षक हवेत. नवी पदे हवी असतील तर प्रस्ताव प्रशासन विभागाकडे जातो, तिथून आयुक्तांकडे, मग सर्वसाधारण सभेकडे आणि शेवटी मंत्रालयात. शासनाच्या मंजुरीशिवाय महापालिकेला नवे पद निर्माण करता येत नाही. त्यावर आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट. आकृतिबंध मंजूर झाला तरी सेवाप्रवेश नियम मंजूर नसतील तर भरती होत नाही.

बंब घ्यायचा तर अंदाजपत्रकात तरतूद हवी. तरतूद झाली तरी निविदा दुसरा विभाग काढतो, गाडीची दुरुस्ती यांत्रिकी विभाग करतो. जुन्या शहरात हायड्रंटला पाणी हवे तर ते पाणीपुरवठा विभागाकडे. अतिक्रमणामुळे बंब गल्लीत शिरत नसेल तर ते अतिक्रमण विभागाकडे. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नगररचनेकडे.

म्हणजे इमारत सील करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला स्वतःच्या विभागात एक निरीक्षक नेमता येत नाही. दुर्घटना घडली की जाब मात्र त्यालाच विचारला जातो. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर भार एका खांबावर टाकला आणि लोखंड दुसऱ्याच खांबात भरले.

त्यात आणखी एक जुनी सवय आहे, ‘अतिरिक्त कार्यभारा’ची. राज्यातील पालिकांमध्ये प्रमुखपद रिकामे झाले की ते प्रभारी म्हणून कोणाकडे तरी सोपवले जाते. प्रभारी माणूस रोजची सही करतो. पाच वर्षांनंतर शहराला किती केंद्रे लागतील, याचा आराखडा तो करत नाही. करावा अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही.

छत्रपती संभाजीनगरात याला आणखी एक पदर होता. महापालिका सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. वाळूज आणि छावणीच्या दोन्ही घटना त्याच काळातल्या. एरवी अशा घटनेनंतर सभागृहात निदान गोंधळ होतो, नगरसेवक माहिती मागतात, उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते. तेवढीही खिडकी त्या वर्षांत बंद होती.

एक शहर, किती मालक?

शहराचा नकाशा पाहिला तर अडचण जास्त स्पष्ट होते.

- मुख्य शहर, सिडकोच्या वसाहती, सातारा-देवळाई : महापालिका
- छावणी : संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील छावणी परिषद
- वाळूज औद्योगिक वसाहत : एमआयडीसी, तिची स्वतःची अग्निशमन सेवा
- वाळूज महानगर : सिडको
- शेंद्रा-बिडकीन : ‘ऑरिक’, त्याचे स्वतंत्र नियोजन प्राधिकरण
- भोवतालची गावे : ग्रामपंचायती आणि महानगर विकास प्राधिकरण

नोकरी वाळूजला, घर बजाजनगरला, बाजार गुलमंडीत आणि नातेवाईक छावणीत, असे रोजचे जगणे आहे. हद्द बदलते हे रिक्षात बसलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

आग विझवताना हद्द फारशी आड येत नाही. मोठ्या आगीत एकमेकांचे बंब मदतीला जातात आणि जवान हद्द विचारत नाहीत. पण आगीआधीच्या कामात हद्द पूर्ण आड येते. कोणत्या इमारतींची यादी कोणाकडे, कोणत्या कारखान्यात रात्री कामगार झोपतात, कोणत्या गल्लीत खाली दुकान आणि वर घर आहे, ही माहिती एका टेबलावर कधीच येत नाही. यातील प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरता बरोबर असतो. धोका मात्र तुकड्यांच्या सांध्यात वाढतो.

शहराला याचा अनुभव आधीही आला आहे. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या औरंगाबादमध्ये जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजाराला आग लागली. शंभराहून अधिक दुकाने खाक झाली. जागा एका संस्थेची, फटाका विक्रीचा परवाना देणारी यंत्रणा दुसरी, आग विझवणारे तिसरे. तात्पुरत्या फटाका दुकानांबाबत २००८ चे स्फोटके नियम स्पष्ट आहेत. दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर हवे, दुकाने समोरासमोर नकोत, एका समूहात ५० हून अधिक दुकाने नकोत. नियम होते. बाजार भरण्याच्या आदल्या दिवशी टेप घेऊन मैदानावर जाणे आणि ‘हे असे चालणार नाही’ असे म्हणणे, हे एका माणसाचे ठरलेले काम नव्हते.

‘ना हरकत’ मिळाली म्हणजे इमारत सुरक्षित?

अग्निशमन विभागाचे प्रशासन गेली काही वर्षे ‘ना हरकत प्रमाणपत्रा’भोवती फिरते आहे. बांधकामाआधी एक, बांधकाम झाल्यावर दुसरे. या कागदाशिवाय बिल्डरचे काम अडते, म्हणून त्याचा पाठपुरावा होतो.

राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते. जिने, पाण्याच्या टाक्या, पंप, स्प्रिंकलर यांच्या कडक अटी प्रामुख्याने अशा इमारतींसाठी आहेत. आता छावणीतील घटना आठवा. ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. खाली दुकान, वर बिऱ्हाड. शहागंज, सिटी चौक, रंगारगल्लीपासून गुंठेवारी वसाहतींपर्यंत अशी हजारो घरे आहेत. अनेकांना एकच अरुंद जिना आहे. खालच्या दुकानात कापड, फोम, प्लास्टिक, रंग किंवा चार्जिंगला लावलेली दुचाकी. आग खाली लागली तर धूर त्याच जिन्याने वर चढतो. झोपेतल्या माणसाला जाग येण्याआधीच त्यातील कार्बन मोनॉक्साईड घात करतो.

अशी घरे ‘ना हरकत’च्या फाइलमध्ये क्वचितच येतात. कोणी अर्ज करत नाही, त्यामुळे कोणी तपासतही नाही. वाळूजच्या कारखान्यात रात्री माणसे झोपतात, ही गोष्टही कोणत्याच अर्जात लिहिलेली नसते.

इथेच प्रशासकीय नेतृत्व आणि दैनंदिन कारभार यांतला फरक कळतो. आलेल्या अर्जावर सही करणे हा कारभार झाला. अर्ज न आलेल्या पण सर्वांत धोकादायक असलेल्या पाचशे इमारती कोणत्या, हे ठरवून तिथे माणसे पाठवणे हे नेतृत्व. त्यासाठी शौर्य लागत नाही. यादी, नकाशा, निरीक्षक, पैसा आणि ‘हे माझे काम आहे’ असे म्हणू शकणारा पूर्णवेळ अधिकारी लागतो.

आग विझवणारा प्रमुख आणि विभाग चालवणारा प्रमुख एकच असावा का?

आपल्याकडे अग्निशमन प्रमुखाची प्रतिमा हेल्मेट घातलेल्या, आगीत सर्वांत पुढे असलेल्या माणसाची आहे. ती खोटी नाही. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला ९ मे २०१५ रोजी लागलेल्या आगीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

त्या शौर्याला नमस्कार करतानाच एक प्रश्न विचारायला हवा. प्रमुख मध्यरात्री घटनास्थळी उभा असतो, तर सकाळी अंदाजपत्रकाच्या बैठकीत विभागाच्या वतीने कोण भांडतो? बहुतेक वेळा कोणीच नाही.

जगात याची वेगवेगळी उत्तरे आहेत. न्यूयॉर्कमध्ये दोन पदे आहेत. महापौर नेमतात तो फायर कमिशनर विभागाचे प्रशासन, पैसा आणि धोरण पाहतो. गणवेशातील ‘चीफ ऑफ डिपार्टमेंट’ प्रत्यक्ष कारवाई पाहतो.

लंडनचे उदाहरण थेट कायद्याचे आहे. तिथे २०१७ च्या ‘पोलिसिंग अँड क्राइम’ कायद्याने जुने अग्निशमन प्राधिकरण रद्द केले आणि ‘लंडन फायर कमिशनर’ हे एकाच व्यक्तीचे वैधानिक पद निर्माण केले. १ एप्रिल २०१८ पासून ते अस्तित्वात आले. नेमणूक महापौरांची, देखरेख निर्वाचित सभेच्या समितीची. दरम्यान १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जण मरण पावले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौकशीच्या पहिल्या अहवालाने अग्निशमन दलाच्या तयारीवर कठोर टीका केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कमिशनर डॅनी कॉटन पायउतार झाल्या. त्यांनी जावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण कोणाला प्रश्न विचारायचा, याबद्दल लंडनकरांच्या मनात शंका नव्हती.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराला न्यूयॉर्कसारखी दोन मोठी कार्यालये परवडणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७५ हजार होती. नगरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण दोन लाख लोकसंख्येमागे एक अग्निशमन केंद्र धरले, तर त्या जुन्या लोकसंख्येलाच सहा केंद्रे लागतात. एवढ्या व्यापासाठी एकच प्रमुख पुरेसा आहे. मात्र तो खरा विभागप्रमुख हवा आणि घटनास्थळाची कमान प्रसंगी उपप्रमुखाकडे सोपवून विभागाकडे पाहायला त्याला वेळ मिळायला हवा.

कायद्यात नेमके काय हवे?

राज्य सरकारने महापालिका अधिनियमात आणि २००६ च्या कायद्यात बदल करताना पुढील गोष्टी स्पष्ट लिहिल्या तर प्रश्नाचा मोठा भाग सुटेल.

- नावाने पद : शहर अभियंत्याप्रमाणे मुख्य अग्निशमन अधिकारी हे महापालिकेतील वैधानिक पद असावे. तो थेट आयुक्तांना उत्तरदायी असावा.
- पूर्णवेळ आणि ठरावीक मुदत : किमान तीन वर्षे. पद रिकामे झाल्यास ठरावीक मुदतीत भरणे बंधनकारक. प्रभारी व्यवस्थेला कालमर्यादा.
- अग्निशमन सेवेतीलच माणूस : नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयासारख्या संस्थेतून शिकलेला. त्याच्या हाताखाली लेखा आणि आस्थापनेचा स्वतंत्र अधिकारी.
- स्वतंत्र लेखाशीर्ष : अग्निसुरक्षेच्या नावाने नागरिकांकडून घेतलेले शुल्क आधी अग्निसुरक्षेवरच खर्च व्हावे आणि तो हिशेब वेगळा दिसावा.
- प्रतिबंध आणि शमन वेगळे : तपासणीचे पथक आणि बंबावरचे पथक यांची पदे वेगळी मोजावीत. एकच जवान दोन्हीकडे दाखवला की दोन्ही कामे कागदावर राहतात.
- हद्दीपलीकडची समिती : महापालिका, एमआयडीसी, छावणी परिषद, सिडको, ऑरिक यांच्या अग्निशमन माहितीचा एकच नकाशा. त्याचे समन्वयक म्हणून महापालिकेच्या प्रमुखाला कायद्याने अधिकार.
- वार्षिक अहवाल : किती इमारती तपासल्या, किती नोटिसा दिल्या, किती प्रकरणे पुढे गेली, हे दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे आणि संकेतस्थळावर.

शेवटचा मुद्दा सर्वांत स्वस्त आहे आणि कदाचित सर्वांत परिणामकारकही.

एका माणसाकडे इतके अधिकार दिले तर भ्रष्टाचार वाढणार नाही?

हा आक्षेप गंभीर आहे आणि शेजारच्या राज्यात त्याचे उदाहरण ताजे आहे. राजकोटमधील गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जणांचा मृत्यू झाला. त्या जागेला अग्निशमन विभागाची ‘ना हरकत’ नव्हती. तिथल्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यावर कारवाई झाली. त्यानंतर काही महिन्यांतच त्या जागी आलेल्या प्रभारी अधिकाऱ्याला ‘ना हरकत’साठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली.

म्हणूनच पद मजबूत करताना त्यावरची नजरही मजबूत करावी लागेल. प्रमाणपत्र देणारा आणि नंतर तपासणारा एकच नसावा. तपासणीची यादी संगणकाने निवडावी, साहेबांच्या मर्जीने नव्हे. प्रत्येक प्रमाणपत्र इमारतीच्या दारावर आणि संकेतस्थळावर दिसावे. दुबळे पद प्रामाणिक असते असे नाही. राजकोटमधील दुसरी कारवाई तर प्रभारी अधिकाऱ्यावरच होती.

दुसरा आक्षेप असा की, राज्याने पदाचे नियम ठरवले तर पालिकांची स्वायत्तता कमी होईल. पण नेमणुकीची पात्रता आणि मुदत राज्याने ठरवणे वेगळे आणि रोजचा कारभार मंत्रालयातून चालवणे वेगळे. पहिले हवे, दुसरे नको.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. केवळ एका पदाने काय होणार? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा नवजात बालके दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. आदेश होते, मग कमी काय पडले? आदेश निघाल्यापासून दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत फाइल धरून ठेवणारा, निधी मागणारा आणि ‘अजून झाले नाही’ हे लेखी कळवणारा माणूस प्रत्येक शहरात लागतो. पद हे त्याचे पूर्ण उत्तर नाही. पण पदाशिवाय उत्तराला सुरुवातच होत नाही.

पैसा कुठून येणार?

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून आलेला हा निधी आहे. त्यातील ५०० कोटी रुपये कायदेशीर आणि पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले गेले. त्याआधी, २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांसाठी आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठवला होता.

म्हणजे दिल्लीचेही म्हणणे हेच आहे की नुसत्या गाड्या घेऊन भागणार नाही, कायदा सुधारा. गाडी घेताना फोटो निघतो, आकृतिबंध मंजूर होताना निघत नाही. त्यामुळे पहिले काम लवकर होते आणि दुसरे रेंगाळते. नव्या बंबावर बसायला प्रशिक्षित माणूस नसेल तर तो पदमपुऱ्याच्या केंद्रात उभाच राहणार.

नागरिकांनी काय विचारावे?

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर काही प्रश्न आजही विचारता येतात.

- तुमच्या अपार्टमेंट, रुग्णालय, कोचिंग क्लास किंवा मंगल कार्यालयाने जानेवारी आणि जुलैचे प्रमाणपत्र दिले आहे का? सोसायटीच्या सचिवाकडे त्याची प्रत मागा.
- तुमच्या प्रभागाच्या सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र कोणते? तिथून बंब तुमच्या गल्लीत वळू शकतो का?
- खाली दुकान, वर घर असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? निदान गच्चीचे कुलूप आतून उघडते का? रात्री गाडीची बॅटरी जिन्याखाली चार्जिंगला लावू नका.
- शहराचा मुख्य अग्निशमन अधिकारी कोण आहे? पूर्णवेळ की प्रभारी? गेल्या वर्षी त्यांच्या विभागाने किती इमारती तपासल्या? हा प्रश्न तुमच्या नगरसेवकाला विचारा.

शेवटचा प्रश्न साधा आहे. शहराचे आयुक्त, पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी कोण, हे बहुतेकांना ठाऊक असते. अग्निशमन प्रमुखाचे नाव विचारले तर फार थोडे सांगू शकतील. ते नाव लोकांना माहीत असणे, त्या माणसाकडे काम करायला पुरेशी माणसे आणि पैसा असणे, आणि काम झाले नाही तर त्यालाच विचारता येणे, एवढी ही मागणी आहे. छावणीतले सात आणि वाळूजमधले सहा जण आता परत येणार नाहीत. पुढच्या वेळी ‘हद्द आमची नव्हती’ हे उत्तर कोणाला देता येऊ नये, एवढे तरी कायद्याने करता येईल.